धान्यविरहित थैलीची पारख

जत तालुक्यात पाऊस कमी पडतो आणि शाळू-बाजरी मात्र मनापासून पिकते. त्यामुळे कुत्र्याने काय खावे, हा या मुलखात कधी विचाराचा विषयच नव्हता. माडग्याळी मेंढ्यांच्या कळपामागे धावणारा धनगराचा कुत्रा असो, विजापूर-मुधोळच्या पट्ट्यात पाळला जाणारा सडपातळ कारवान असो, की पेठेतल्या दुकानाच्या पायरीवर ऊन खात पडलेला गावठी कुत्रा असो, सर्वांच्या वाट्याला भाकरीच येत असे. मेंढपाळाच्या कुत्र्याला तिच्यासोबत दूध, ताक किंवा मांसाचा तुकडा मिळे. जैन घरांत शेवटची भाकरी कुत्र्यासाठी बाजूला काढली जाई, आणि ती काढताना ती कशाची आहे हे कोणी विचारत नसे.

याच गावातील एका धान्यव्यापारी कुटुंबापुढे गेल्या काही महिन्यांत एक विलक्षण प्रश्न उभा राहिला. तीन पिढ्या आडत दुकान चालविणाऱ्या या घराला कुत्र्याच्या खाद्याची एजन्सी देऊ करण्यात आली. थैली देखणी, रंग भडक, आणि वर ठळक अक्षरांत लिहिलेले होते : ‘ग्रेन-फ्री’. म्हणजे या अन्नात धान्य नाही, आणि तेच याचे वैशिष्ट्य. ज्या घराचा चरितार्थ ज्वारी, गहू, मका आणि हरभरा यांवर चालला, त्या घराने आता धान्य नसल्याबद्दल अधिक दाम घेऊन माल विकायचा होता.

प्रश्न केवळ विक्रीचा असता, तर तो एका बैठकीत सुटला असता. परंतु घरात अडीच वर्षांचा एक लॅब्रेडॉर होता आणि नातवाने सहा महिन्यांपासून त्याला असेच धान्यविरहित खाद्य सुरू केले होते. आजींना त्या थैलीतील मांसाचा वास स्वयंपाकघराजवळ नको होता. सूनबाईंना महिन्याचा खर्च दिसत होता. नातवाचे म्हणणे असे की, कुत्रा हा मूळचा लांडगा, त्याला धान्य पचतच नाही. तिघांचेही म्हणणे ऐकून घेतल्यावर घरातील ज्येष्ठ व्यापारी म्हणाले, “माल आधी पाहू. बोलणे मग.”

धान्याच्या व्यवहारात माल पाहण्याची रीत ठरलेली आहे. पोत्याच्या शिवणीवरून किंवा त्यावरील छापावरून भाव ठरत नाही. वानगी काढतात, ती तळहातावर पसरतात; ओल किती, खडा-माती किती, फुटका आणि किडका दाणा किती, हे पाहतात; मग बोली होते. या रीतीत एक शहाणपण आहे. मालात काय नाही, हे सांगून माल विकता येत नाही. ‘यात वाळू नाही’ एवढेच लिहिलेले गव्हाचे पोते कोणी घेणार नाही. घेणारा विचारील, गहू कोणता, कुठला, कधीचा? ‘धान्यविरहित’ हा शब्द नेमका याच जातीचा आहे. तो एका वस्तूची अनुपस्थिती सांगतो. उरलेल्या वस्तूंविषयी तो गप्प असतो.

हा शब्द बाजारात चलनी कसा झाला, याचा इतिहास व्यापाऱ्यांनी जाणून घेण्याजोगा आहे. २००७ च्या मार्च महिन्यात उत्तर अमेरिकेत कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली आणि अनेक कंपन्यांना आपले खाद्य बाजारातून परत घ्यावे लागले. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन नावाचे रसायन मिसळलेले आढळले. खाद्यातील प्रथिनांचे प्रमाण सहसा नत्र मोजून ठरवतात. मेलामाइनमध्ये नत्र भरपूर असते. म्हणून ते मिसळले की कागदावर प्रथिन वाढलेले दिसते, प्रत्यक्षात पोषण शून्य. पुढच्याच वर्षी चीनमध्ये तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटीतही हीच भेसळ उघडकीस आली. भेसळ करणारे व्यापारी होते, बदनाम मात्र गहू झाला. ग्राहकाच्या मनात धान्याविषयी जो संशय बसला, त्याने धान्यविरहित खाद्याच्या प्रसाराला मोठा हातभार लावला.

वास्तविक धान्यातील खरा धोका कोणता, हे आडतदाराला ठाऊक असते. ओल्या राहिलेल्या मक्याला किंवा भुईमुगाला बुरशी धरते आणि तिच्यातून अफलाटॉक्सिन हे विष तयार होते. असा मका खाद्यात गेला, तर कुत्र्याचे यकृत जाते. अशी प्रकरणे घडलेली आहेत. परंतु हा दोष सडलेल्या धान्याचा. त्यावर उपाय म्हणजे माल वाळवणे, तपासणे आणि खराब गोणी बाजूला काढणे. चांगला दाणा आणि सडका दाणा एकाच तागडीत घालून दोन्ही फेकून देण्याला कोणी पारख म्हणणार नाही.

नातवाच्या लांडग्याचेही तसेच झाले. कुत्रा लांडग्याच्या कुळातला आहे, यात शंका नाही. परंतु स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की, पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात त्या ४ पासून ३० पर्यंत आढळतात. माणूस शेती करू लागला, त्याच्या उष्ट्यावर कुत्रा जगू लागला आणि त्याचे शरीर भाकरीला सरावले. मेंढ्यांमागे दिवसभर चालणाऱ्या धनगराच्या कुत्र्याला हे कोणी सांगण्याची गरज नव्हती. शिजवलेले धान्य निरोगी कुत्र्याला पचते.

उरला ॲलर्जीचा प्रश्न. काही कुत्र्यांना गहू सोसत नाही, हे खरे आहे. परंतु २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अन्नाची ॲलर्जी असलेल्या २९७ कुत्र्यांच्या नोंदी पाहण्यात आल्या, तेव्हा गव्हाचा वाटा १३ टक्के निघाला. कोंबडीच्या मांसाचा १५, दुग्धजन्य पदार्थांचा १७, आणि गोमांसाचा सर्वाधिक, म्हणजे ३४ टक्के. ज्याला खरोखर गहू बाधतो, त्या कुत्र्याचा गहू पशुवैद्यकाच्या सल्ल्याने अवश्य थांबवावा. पण सर्वच कुत्र्यांचे सर्वच धान्य बंद करण्यास या आकड्यांत आधार सापडत नाही.

मग ज्येष्ठांनी थैली पालथी केली आणि मागचा बारीक मजकूर चष्मा लावून वाचला. धान्य काढले, तर त्या जागी काय घातले? वाटाणा, वाटाण्याचे पीठ, वाटाण्याचे प्रथिन, मसूर, हरभरा, बटाटा आणि रताळे. आजींनी यादी ऐकली आणि त्यांना हसू आवरेना. ज्या घरात कंदमूळ शिजत नाही, त्या घराने ज्वारी टाळून कुत्र्याला बटाटा घालायचा, हा न्याय त्यांना कळेना.

या यादीत शिकण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिले जातात आणि हे वजन प्रक्रियेपूर्वीचे असते. ताज्या कोंबडीच्या मांसात साधारण ७० टक्के पाणी असते. ते उडून गेले की यादीत पहिला असलेला घटक प्रत्यक्षात मागे पडू शकतो. दुसरी अशी की, एकाच वाटाण्याचे पीठ, प्रथिन आणि चोथा असे तीन भाग करून तीन ठिकाणी लिहिले, तर प्रत्येक भाग यादीत खाली जातो. तिन्ही एकत्र केले, तर कदाचित वाटाणाच पहिला ठरेल. एकाच शेतकऱ्याचा माल तीन पट्ट्यांवर चढवावा, तसाच हा प्रकार.

धान्य नाही म्हणून पिष्ट नाही, असेही होत नाही. थैलीवरील आकड्यांत प्रथिन २६, स्निग्धांश १४, ओलावा १० आणि तंतू ४ टक्के होते. राख, म्हणजे खनिजे, सुमारे ८ टक्के धरली, तर बेरीज ६२ होते. उरलेले ३८ टक्के कुठले? ते पिष्टमय पदार्थच, फक्त ते ज्वारी-तांदळाऐवजी वाटाण्या-बटाट्यातून आलेले. दुसरा हिशेब ओलाव्याचा. दोन खाद्यांतील प्रथिनांची तुलना करताना पाणी वजा करावे लागते. १० टक्के ओलावा असलेल्या कोरड्या खाद्यातील २६ टक्के प्रथिन म्हणजे कोरड्या वजनावर सुमारे २९ टक्के. ८० टक्के ओलावा असलेल्या डबाबंद खाद्यातील ८ टक्के प्रथिन म्हणजे कोरड्या वजनावर ४० टक्के. ओल्या मालाचा भाव कोरड्या मालाशी कसा ताडून पाहावा, हे ज्या घरात शिकवावे लागत नाही, त्या घराला हा हिशेब अवघड नव्हता.

यापुढची गोष्ट मात्र हिशेबापेक्षा गंभीर होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये एक सावधगिरीची सूचना प्रसिद्ध केली. ज्या जातींत हा रोग सहसा होत नाही, अशा कुत्र्यांमध्येही हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय फुगण्याचा विकार आढळत होता, आणि त्यांपैकी बहुतेक कुत्रे वाटाणा, मसूर यांसारखी कडधान्ये किंवा बटाटा प्रमुख असलेले खाद्य खात होते. जानेवारी २०१४ ते एप्रिल २०१९ या काळातील नोंदींत अशा ५६० कुत्र्यांची माहिती होती. त्यांतील ११९ दगावले होते. नोंदलेल्या खाद्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक धान्यविरहित होती आणि ९३ टक्क्यांत वाटाणा किंवा मसूर होता. नोव्हेंबर २०२२ पर्यंत अशा नोंदी १,३८२ झाल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात प्रशासनाने हेही स्पष्ट केले की, केवळ या नोंदींच्या संख्येवरून खाद्य हेच रोगाचे कारण आहे, असे सिद्ध होत नाही. म्हणजे आरोप आहे, निकाल नाही. तरीही ज्या कुत्र्याला विशेष गरज नाही, त्याला हा धोका पत्करायला लावावा का, हा प्रश्न उरतोच.

यामागे मांडले गेलेले एक कारण आपल्या स्वयंपाकघरातून समजून घेता येते. हृदयाच्या स्नायूंना टॉरिन नावाचे द्रव्य लागते. कुत्र्याचे शरीर ते मेथिओनिन आणि सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लांपासून स्वतः तयार करते. कडधान्यांत लायसीन भरपूर, पण मेथिओनिन कमी. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ यांत लायसीन कमी, पण मेथिओनिन तुलनेने बरे. म्हणूनच वरणासोबत भात आणि आमटीसोबत भाकरी ही जोडी पिढ्यान्‌पिढ्या टिकली. एकीची उणीव दुसरी भरून काढते. धान्य काढून तिथे कडधान्याचा भर घातला, तर ही जोडी मोडते. बाहेरून मेथिओनिन आणि टॉरिन घालून उणीव भरता येते. पण ती भरली आहे का, हे थैलीच्या दर्शनी भागावरून कळत नाही.

इथे कोणी म्हणेल, मग जुनी भाकरीच बरी! हे कुटुंब त्याही वाटेने जाऊन आले होते. पिल्लू दोन महिन्यांचे असताना घरी आले, तेव्हा आजींनी त्याला भाकरी, वरण आणि पाणी घातलेले थोडे दूध एवढ्यावरच वाढवले. भावना निर्मळ होती. पाचव्या महिन्यात त्याचे पुढचे पाय वाकू लागले. पशुवैद्यकांनी तपासून सांगितले, “भाकरी वाईट नाही आजी, अपुरी आहे.” धान्य-डाळीत फॉस्फरस पुष्कळ आणि कॅल्शियम थोडे असते, झपाट्याने वाढणाऱ्या मोठ्या जातीच्या पिल्लाला दोहोंचा तोल लागतो. कॅल्शियम फॉस्फरसाच्या निदान बरोबरीने आणि फार तर दुपटीपर्यंत असावे. अंगणात येऊन भाकरीचा तुकडा खाणारे गावठी कुत्रे बाकीचे पोषण इकडून-तिकडून मिळवते. दाराआड बांधलेल्या कुत्र्याला तेवढेच मिळते, जेवढे आपण घालतो.

या प्रसंगानंतर आजींनी जो विचार केला, तो या घरातील सर्वांत मोलाचा ठरला. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. आपल्या अधीन असलेल्या जीवाला अन्नपाणी न देणे हा हिंसेचाच एक प्रकार. आजवर त्यांनी त्याचा अर्थ उपाशी ठेवणे एवढाच घेतला होता. पोट भरलेले, पण हाडे वाकलेले पिल्लू पाहिल्यावर त्यांना वाटले की, शरीराला जे लागते ते न मिळणे, हाही निरोधच. मारण्याचा हेतू नसला, तरी प्रमाद होताच. आणि प्रमादाला आपल्या शास्त्रात फार मोठे स्थान आहे.

कुत्र्याविषयी जैन परंपरेला तुच्छता नाही. वादीभसिंहांच्या ‘क्षत्रचूडामणी’त जीवंधरकुमाराची कथा येते. यज्ञासाठी ठेवलेल्या अन्नाला तोंड लावले म्हणून मार खाऊन मरणाला टेकलेल्या कुत्र्याच्या कानात जीवंधर पंचनमस्कार मंत्र सांगतो. तो कुत्रा सुदर्शन यक्ष होतो आणि पुढे संकटात जीवंधराच्या मदतीला येतो. अन्नावरून मारल्या गेलेल्या जीवाला मनुष्याने शेवटच्या क्षणी दिलेला आधार, असे या कथेचे रूप आहे. ज्याच्या जिवाला ही परंपरा इतके मोल देते, त्याच्या ताटाचा विचार तिला परका असू शकत नाही.

तरीही मांसाचा प्रश्न राहतो आणि जैन वाचकाने तो टाळू नये. कुत्र्यासाठी घेतलेल्या थैलीत कोंबडीचे किंवा मेंढीचे मांस असेल, तर ते दुसऱ्या पंचेंद्रिय जीवाच्या हत्येतून आलेले आहे. इथे आपली एक सवय फसवी ठरते. आपण खाद्यपदार्थ घेताना हिरवा ठिपका पाहतो. परंतु २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्यातील ‘अन्न’ या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेले आहे. म्हणून कुत्र्याच्या थैलीवर हिरव्या किंवा तपकिरी खुणेचा भरवसा धरता येत नाही, घटकच वाचावे लागतात. ‘धान्यविरहित’ याचा अर्थ ‘शाकाहारी’ असा तर मुळीच होत नाही. उलट, अशा खाद्यांत प्राणिज प्रथिनाचा अभिमानच अधिक मिरवला जातो.

कुत्रा शाकाहारावर जगू शकतो का? याचे प्रामाणिक उत्तर असे की, प्रौढ, निरोगी कुत्रा नीट तोल साधून बनवलेल्या शाकाहारी खाद्यावर राहू शकतो. मेथिओनिन, टॉरिन, जीवनसत्त्व ब-१२, जीवनसत्त्व ड, कॅल्शियम हे सर्व त्यात मापून घातलेले हवे आणि पशुवैद्यकाची नियमित तपासणी हवी. वाढते पिल्लू, गाभण किंवा पाजणारी कुत्री यांच्या बाबतीत फार जपावे लागते. मांजराची गोष्ट वेगळी आहे. टॉरिनसह काही द्रव्ये तिचे शरीर स्वतः पुरेशी तयार करू शकत नाही, ती निसर्गतःच मांसाहारी आहे. म्हणून प्राणी घरी आणण्याआधीच श्रावकाने हा विचार करावा. ज्याचे अन्न आपल्या व्रतात बसत नाही, त्याला हौसेने घरी आणून मग उपाशी ठेवायचे की व्रत मोडायचे, असा पेच स्वतःहून निर्माण करू नये. पांजरपोळाला दान देणे किंवा दारच्या कुत्र्याला पाणी ठेवणे, हीही जीवदयाच आहे.

जैन स्वयंपाकघराचा एक फायदा मात्र कुत्र्यांना आपोआप मिळतो. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. आपल्या घरात ते नसतातच. त्याच वेळी एक धोका या जिल्ह्यात अधिक आहे. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला विषासमान असून त्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकते. ज्या घरात बेदाण्याची पेटी उघडी असते आणि लहान मुले प्रेमाने कुत्र्याला मूठभर बेदाणे चारतात, त्या घरांनी हे भिंतीवर लिहून ठेवावे.

एजन्सीचा निर्णय घेण्यापूर्वी ज्येष्ठांनी कंपनीच्या माणसासमोर काही प्रश्न लेखी ठेवले. जगभरातील पशुवैद्यकांची संघटनाही खाद्य निवडताना ग्राहकांनी असेच प्रश्न विचारावेत असे सुचवते. हे खाद्य कोणी रचले. पशुपोषणाचे रीतसर शिक्षण घेतलेला मनुष्य तुमच्याकडे आहे का? ते तुमच्याच कारखान्यात बनते की दुसऱ्याकडून बनवून घेता? प्रत्येक खेपेची अफलाटॉक्सिन आणि जंतूंसाठी तपासणी होते का, आणि तिचा अहवाल दाखवाल का? मेथिओनिन, टॉरिन, कॅल्शियम, फॉस्फरस यांचे प्रत्यक्ष आकडे काय? किलोमागे किती किलोकॅलरी? भारतीय मानक ब्युरोचे कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी मानक आहे, त्याला हे धरून आहे का? थैलीवर अमेरिकेच्या आफको या संस्थेचे नाव आहे. ती संस्था पोषणाची प्रमाणे ठरवते, स्वतः कोणत्याही खाद्याला मान्यता देत नाही. मग तुमचा दावा कागदावरील सूत्राचा आहे, की कुत्र्यांना प्रत्यक्ष खाऊ घालून पाहिल्याचा?

किलोकॅलरीचा प्रश्न व्यापाऱ्याच्या मनात मुद्दाम होता. ३० किलो वजनाच्या, बेताच्या हालचालीच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला सुमारे १,४४० किलोकॅलरी लागतात. खाद्यात किलोमागे ३,६०० असतील, तर रोज ४०० ग्रॅम, म्हणजे महिन्याला १२ किलो. समजा ते ६०० रुपये किलो असेल, तर दिवसाचा खर्च २४० रुपये. धान्य असलेले दुसरे खाद्य ४०० रुपये किलो आणि ३,४०० किलोकॅलरीचे असेल, तर रोज सुमारे ४२५ ग्रॅम लागून खर्च १७० रुपये. दोहोंतील ७० रुपयांचा फरक कशासाठी द्यायचा, याचे उत्तर विकणाऱ्याने द्यायला हवे. ‘यात धान्य नाही’ हे उत्तर जतच्या पेठेत तरी पुरेसे नाही.

प्रश्नांपैकी किलोकॅलरीचा आकडा तेवढा आला. बाकीच्यांच्या जागी सुंदर छपाईची पुस्तिका आली. ज्येष्ठांनी एजन्सी नाकारली. मुलाने विचारले, “दलाली चांगली होती. लोक दुसरीकडून घेतीलच ना?” त्यावर ते म्हणाले, “घेतील. पण आपल्या गाळ्यातून गेलेल्या मालाला आपण काय उत्तर देणार?” अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत खोट्या वजन-मापांबरोबर प्रतिरूपक व्यवहारही येतो, एका मालाच्या रूपात दुसरा माल खपवणे. थैलीत भेसळ होती, असे त्यांनी म्हटले नाही. तसा पुरावाही नव्हता. परंतु ज्याची वानगी तपासता येत नाही, त्या मालाची ग्वाही देणे त्यांच्या व्यवहारात बसत नव्हते.

घरच्या लॅब्रेडॉरला मिरजेला नेऊन हृदयाची तपासणी करवली. ते निर्दोष निघाले. पशुवैद्यकांच्या सल्ल्याने धान्य असलेले, आकडे लेखी देणारे शाकाहारी खाद्य निवडण्यात आले आणि दहा दिवसांत जुन्याचे प्रमाण घटवत, नव्याचे वाढवत बदल पुरा केला. दर सहा महिन्यांनी रक्ताची तपासणी करायची आणि त्यात उणीव दिसली, तर पशुवैद्यक सांगतील ते पूरक द्यायचे, हेही ठरले. नातू आता दर महिन्याला दुकानातील काट्यावर त्याचे वजन करतो आणि वहीत मांडतो. वजनासमोर केसांची चमक, शौच आणि दम लागतो का, या तीन नोंदी असतात. खाद्याची पारख अखेर खाणाऱ्याच्या शरीरावरच होते, हे त्याला त्या वहीने शिकवले. आजी मात्र संध्याकाळी त्याच्या खाद्यावर शाळूच्या भाकरीचा एक चतकोर कुस्करतात. पशुवैद्यकांनी तेवढी मोकळीक दिली आहे, आणि तो चतकोरही वहीत मांडला जातो.